पाच फुलांचा बटवा

"गुरुवार, १८ जानेवारी २०२४. थंडी. अकरापर्यंत स्वेटर अंगावर. नळाला पाणी साडेसहा ते सव्वासात. पंचफुला आली नाही. तिच्याऐवजी कैलास येऊन अर्धा किलो वांगी देऊन गेला. आई आता चौकात बसणार नाही, म्हणाला. वांगी कोवळी निघाली, भरली केली. कात्रीला धार लावून घेतली."

एवढं लिहून जयाबाईंनी पेनाला टोपण लावलं, आणि मग काढून परत वाचलं. चुकलं काही नव्हतं. पण कैलासच्या बोलण्यातलं एक वाक्य त्यांनी लिहिलं नव्हतं, आणि त्यावाचून वही काही केल्या मिटवेना.

जयाबाई पंचाहत्तरीच्या. नागपूरच्या कॉन्व्हेंटात दहाव्या वर्षी वसतिगृहात गेल्या, तेव्हा तिथल्या एका सिस्टरनं मुलींना झोपण्याआधी पाच ओळी लिहायची सवय लावली होती. जे घडलं ते वहीत लिहायचं, जे वाटलं ते प्रार्थनेत सांगायचं, असा तिचा नियम. प्रार्थना पुढे बदलल्या, पण वहीचा नियम राहिला. त्यांचे यजमान सदाशिवराव गेले त्या दिवशीही त्यांनी वेळ, डॉक्टर किती वाजता आले, आणि रात्री शेजारून पिठलं-भात आला, एवढंच लिहिलं होतं. बोरगाव मेघेच्या त्या दोन खोल्यांच्या घरात एक अख्खं लोखंडी कपाट वह्यांनी भरलेलं होतं, आणि त्यातल्या एकतीस वह्यांमध्ये पंचफुला होती.

पहिली नोंद अगदी साधी: "नालवाडीची नवीन भाजीवाली. पालक ताजा. बोलते फार."

ती फार बोलायची हे खरंच. चौकातल्या कडुनिंबाखाली गोणपाट अंथरून बसायची. ओरडून भाजी विकणं तिला कधी जमलं नाही आणि त्याची गरजही पडली नाही. येणाऱ्या प्रत्येक बाईला ती तिच्या घरातल्या भाजीवरून ओळखायची. मास्तरांची बायको "पालकवाली", कोपऱ्यावरची नवी सून "भेदरंवाली", कारण ती टमाट्याशिवाय काही घेत नसे. सदाशिवरावांना दोडकं आवडायचं म्हणून जयाबाई "दोडकेवाल्या बाई". सदाशिवराव जाऊन आठ वर्षं झाली, जयाबाईंनी दोडकं घेणं सोडलं, तरी नाव तेच. आणि मागितलेली भाजी ती मुकाट्यानं देईल असं नव्हतं.

"फुलकोबी नोका नेऊ आज."

"का गं? चांगली तर दिसते."

"दिसते चांगली. तुमच्या पोटाले मागच्या बुधवारी झेपली होती काय? मंग काऊन हात लावून राह्यल्या? दुधी न्या."

जयाबाई घरी येऊन वही बघायच्या. मागच्या बुधवारी पोट बिघडल्याची नोंद असायचीच. वही एकीची आणि पाठ दुसरीला, असं हे चाललं होतं.

गेल्या ऑगस्टमध्ये ही बाई दोनदा पडली. एकदा मळ्यात, एकदा चौकातच, मेथीच्या ढिगावर. डोळ्यांपुढे अंधार यायचा आणि पाय जायचे. तपासणीत निघालं की हृदयाचे ठोके फार मंदावतात, मधूनच थांबल्यासारखे होतात. बारा सप्टेंबरला डाव्या खांद्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, पेसमेकर बसला. काडेपेटीएवढा.

कैलासनं, तिच्या मुलानं, तो आईला आणि सगळ्या गल्लीला समजावून सांगितला. "हे इन्व्हर्टर हाय समजा. घरची लाईन बरोबर असन त गप राह्यते. लाईन गेली की आपोआप चालू."

"अन् माही लाईन कवा जाईन त्याले कसं समजते?" पंचफुला विचारायची.

"ऐकून राह्यते ना थे आतून. सारखं."

"म्हंजे सपनापेक्षा बरं," ती म्हणायची. सपना म्हणजे तिची सून. ती तिथंच उभी असायची आणि हसायची.

दवाखान्यातून दोन गोष्टी मिळाल्या. एक, काय जपायचं त्याचा छापील कागद. दुसरी, एक कार्ड, एटीएमच्या कार्डासारखं. त्यावर तिचं नाव, यंत्राचा नंबर, बसवल्याची तारीख. बाहेर जाताना हे कायम जवळ हवं, कुठं चक्कर येऊन पडली तर बघणाऱ्याला कळलं पाहिजे, असं बजावून सांगितलं होतं.

पंचफुलेला वाचता येत नव्हतं. दिवाळीनंतर, वीस नोव्हेंबरला, ती पुन्हा चौकात बसायला लागली, त्या दिवशी जयाबाईंनी तो कागद मागून घेतला, आपल्या अक्षरात उतरवला आणि दुपारी तिला ओटीवर बसवून एकेक ओळ वाचून दाखवली. प्रत्येक ओळ समजली की पेन्सिलीची खूण.

"मोबाईल पोलक्यात ठेवायचा नाही. एक वीत लांब. बोलताना उजवा कान."

"मंग ठेवू कुठं? टोपल्यात ठेवला त भेदरं दबते."

"कमरेला खोच. मिक्सर, टीव्ही, पंखा चालतो. फक्त मिक्सर छातीशी धरायचा नाही."

"मिक्सर काय लेकरू हाय काय छातीशी धराले?"

"वेल्डिंग चालू असेल तिथं थांबायचं नाही. शेताच्या झटका मशीनच्या तारेला हात लावायचा नाही."

झटका मशीन म्हणजे रानडुकरं येऊ नयेत म्हणून मळ्याभोवती ओढलेल्या तारेत थोडी थोडी वीज सोडणारी पेटी. नालवाडीत आता ज्याच्या त्याच्या मळ्याला ती होती.

"थे त ज्याच्या छातीत काई नाई त्यानंही लावू नये," पंचफुला म्हणाली. "पुढं वाचा."

"चुंबकाच्या वस्तू छातीजवळ आणायच्या नाहीत."

"चुंबक माह्यापाशी कुठून येईन, बाई?"

"मोठ्या स्पीकरमध्ये असतं. मंडपात स्पीकरला टेकून बसू नकोस."

"नाई बसत."

जयाबाईंनी त्या ओळीपुढेही खूण केली. ती पेन्सिलीची खूण पुढे त्यांना फार दिवस दिसत राहणार होती.

दोन दिवसांनी त्यांनी पंचफुलेला कार्ड दाखवायला सांगितलं. तिनं टोपल्यात हात घातला, पालकाच्या चार जुड्या बाजूला केल्या, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, ओल्या काड्यांखालून एक प्लॅस्टिकची पिशवी ओढून काढली. कार्डावर चिखल होता आणि एक कोपरा वाकला होता.

"अगं, हे जवळ ठेवायचं असतं!"

"जवळच त हाय. टोपलं काय दुसऱ्याचं हाय?"

जयाबाई घरी आल्या आणि शिवणाचा डबा काढला. कॉन्व्हेंटात इंग्रजी आणि गणित कोणत्या सिस्टरनं शिकवलं हे त्या विसरल्या होत्या, पण भरतकामाची सिस्टर अजून बोटांत होती. जाड निळ्या खादीचा, आतून मेणकापडाचं अस्तर लावलेला, कार्डाच्या मापाचा बटवा त्यांनी दीड दिवसात शिवला. वर पाच फुलं भरली. पंचफुलेला पाचच फुलं हवीत, सहा नाही.

बटणाचा प्रश्न होता. टिचबटण लावावं तर पंचफुलेची बोटं पेरांत सुजलेली आणि टोकांना भेगा पडलेली, ते उघडायला तिला दोन्ही हात आणि दात लागले असते. वेळेला एका हातानं उघडलं पाहिजे. म्हणून त्यांनी बाजारातून पर्सला लावतात ते बटण आणलं, नुसतं जवळ नेलं की आपोआप बसतं आणि बोटानं सारलं की सुटतं. दोन नगांचं पाकीट होतं. एक बटव्याला लावलं, एक डब्यात ठेवलं.

तेवीस नोव्हेंबरला बटवा दिला. पंचफुलेनं तो उलटा केला, सुलटा केला, फुलं मोजली.

"बाप्पा! माहं नाव काढलं तुम्ही याच्यावर. मले वाचता येते आता माहं नाव."

मग तिनं पदर सावरला आणि बटवा पोलक्याच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या पट्टीखाली सारला. तिथं कातडीखाली पेसमेकरचा उंचवटा होता. बटवा त्यावर असा बसला, जणू मापानंच शिवलेला.

"मशीनचा कागद मशीनपाशी," ती म्हणाली. "मी पडली त शोधणाऱ्याले दोन्ही एकाच जागी भेटले पायजे."

जयाबाईंना ते फारच पटलं. वहीत लिहिलं: "बटवा दिला. लगेच पोलक्यात ठेवला."

दुसऱ्या दिवशी पंचफुला भाजी मोजता मोजता थांबली आणि छातीवर हात ठेवून बसली. बसल्या जागी पळाल्यासारखी धडधड होते, म्हणाली. डोकं हलकं झालं. वाकली की जास्त. घरी गेली, पडली, संध्याकाळपर्यंत बरी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभर असंच. घरी ठीक, चौकात धडधड.

डिसेंबरात कैलास तिला तपासणीला घेऊन गेला. तिथल्या यंत्रानं छातीतलं यंत्र वाचलं. बॅटरी भरपूर, तारा जागेवर, सगळं ठणठणीत. तपासणीच्या टेबलावर तासभर पडून होती, तेव्हा एकदाही धडधड झाली नाही.

"लबाड हाय," पंचफुला म्हणाली, "डॉक्टरपुढं शाळकरी पोरीसारखं हात जोडून बसते."

मग घरच्यांनी आपापल्या परीनं शोध घेतला. कैलासनं आधी झटका मशीन बंद केलं. आई सकाळी मळ्याच्या बांधावरून चौकाकडे निघते, तिथूनच काही लागत असेल असं त्याला वाटलं. तिसऱ्या दिवशी डुकरं आली आणि मुळ्याचे दोन वाफे नांगरून गेली. धडधड थांबली नाही. सपनानं आपला मोबाईल सासूपासून लांब, थेट गोठ्यात ठेवला, तो म्हशीनं चाटला. जयाबाईंनी पंचफुलेची बैठक चौकातल्या पिठाच्या चक्कीच्या मोटरपासून हलवून कडुनिंबाच्या दुसऱ्या अंगाला नेली. तरीही तेच.

शेवटी सगळ्यांची नजर वर गेली. चौकातल्या तीन मजली इमारतीवर मोबाईलचा टॉवर होता.

"घरी टावर नाई, घरी आई चांगली. चौकात टावर हाय, चौकात आईले त्रास," कैलास म्हणाला. "आता याच्यात समजाले काय उरलं?"

आणि खरंच काही उरलं नव्हतं. म्हणून अठरा जानेवारीला तो स्वतः वांगी घेऊन आला, दारातच उभा राहून बोलला, आणि बोलताना जयाबाईंकडे पाहिलं नाही. "मी झटका मशीन बंद करू शकतो, बाई. टावर नाई करू शकत. आई आता घरीच राहीन."

"ती काय म्हणाली?"

"काईच नाई म्हनली. थेच त." त्यानं पिशवी खाली ठेवली. "तुम्ही ओळखता ना तिले. काईच नाई म्हनली."

पंचफुला काहीच म्हणाली नाही. हेच ते वाक्य, जे जयाबाईंनी वहीत लिहिलं नव्हतं आणि तरी वही मिटू देत नव्हतं. एकतीस वर्षं जी बाई दुसऱ्याच्या पोटाला फुलकोबी झेपते की नाही याची काळजी वाहते, तिला घरात बसवलं तर ती कोणाशी भांडणार? तिचं हृदय सांभाळायला यंत्र होतं. पण कडुनिंबाखालची ती जागा गेली, तर बाकीची पंचफुला कशानं चालणार?

देवापाशी दिवा लावून झाल्यावर जयाबाईंनी नोव्हेंबरपासूनची वही उघडली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने आखले. एकात "त्रास", एकात "बरी". त्रासाचा रकाना भराभर भरला. बरीच्या रकान्यात वीस, एकवीस, बावीस नोव्हेंबर आले. म्हणजे चौकात परतल्यावरचे पहिले तीन दिवस. टॉवर तेव्हाही होताच. मग सहा डिसेंबर, एकोणीस डिसेंबर, चार जानेवारी.

सहा डिसेंबरची नोंद: "पंचफुला ठीक. दुपारपर्यंत बसली. कार्ड घरी विसरली होती, तिला बोलले."

एकोणीस डिसेंबर: "कार्ड पुन्हा विसरली. चौकातच बोलले. आज त्रास नाही."

चार जानेवारी: "बटवा धुतला म्हणून आणला नाही म्हणे. रागावले. तिची तब्येत चांगली होती. हरभऱ्याची भाजी घेतली."

जयाबाईंनी चष्मा काढून पुसला. कार्ड नसलं की बरी? कार्ड तर साधं प्लॅस्टिकचं, ते काय करणार? मग त्यांना बटवा आठवला. बटव्यात काय होतं? खादी, मेणकापड, रेशीम.

त्या उठल्या आणि शिवणाचा डबा उघडला. पाकिटातलं उरलेलं बटण वरच्या कप्प्यात ठेवलं होतं. ते त्यांनी उचललं, आणि त्याच्याबरोबर सात टाचण्या, दोन सुया आणि एक आकडा, सगळे एकमेकांना धरून लोंबत वर आले.

त्यांनी टाचण्या एकेक करून बटणावरून सोडवल्या. ते चुंबक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. आपोआप बसतं म्हणजे कशानं बसतं? पण त्यांच्या लेखी ते बटण होतं. चुंबक म्हणजे स्पीकरमधलं.

त्यांनी आपल्याच अक्षरातला कागद काढला. चुंबकाच्या ओळीपुढची खूण अगदी नीट, सरळ होती.

सकाळी त्या ऑटोनं नालवाडीला गेल्या. पंचफुला अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. लुगडं नीट, केस विंचरलेले, आणि आजूबाजूला टोपलं नाही. पाहुणी आल्यासारखी दिसत होती.

"बाई! तुम्ही इकडं? सपना, चहा मांड वं. साखर कमी टाकजो, बाईले चालत नाई." मग आवाज खाली गेला. "मी येऊन नाई राह्यली आता. कैलासनं सांगतलं असन."

"सांगितलं. बटवा कुठं आहे?"

"खिळ्याले. घरात त्याचं काय काम? बाहेर जाताना लागते."

"घरात असताना कधी घालतच नाहीस?"

"कायले घालू? घरचे ओळखतेत मले."

जयाबाईंनी पर्समधून बटण काढलं आणि सोबत आणलेल्या टाचण्यांच्या डबीवर धरलं. टाचण्या उड्या मारून चिकटल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना कैलास मळ्यातून आला आणि हातातली मेथी तशीच धरून उभा राहिला.

"एवढा मोठा टावर डोळ्यापुढं उभा हाय," तो म्हणाला, "अन् तुम्ही बटनाले धरून बसल्या, बाई?"

"टॉवर रोज होता, कैलास. सहा डिसेंबरला होता, एकोणीसला होता, चार जानेवारीला होता. त्या तिन्ही दिवशी तुझ्या आईला काही झालं नाही."

"मंग त्या दिवशी काय होतं?"

"काय नव्हतं ते विचार. बटवा नव्हता."

पंचफुलेच्या हातातली शेंग थांबली. "थांबा. त्या तीन दिवशी तुम्ही मले रागावल्या होत्या ना?"

"हो."

"चौकात. चार बायांसमोर."

"हो."

"म्हंजे मी विसरली म्हून चांगली होती, अन् चांगली होती म्हून तुम्ही मले रागावल्या!" तिला हसू फुटलं. ते तिला आवरेना, आणि शेंगांची परडी मांडीवरून घसरली. सपना चहा घेऊन बाहेर आली ती दारातच थबकली. कालपासून या घरात कोणी हसलं नव्हतं.

जयाबाई हसल्या नाहीत. "चूक माझी आहे, पंचफुला. मीच वाचून दाखवलं आणि मीच लावलं. तुझं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?"

पंचफुलेनं परडी सरळ केली. "झालं नाई ना? माह्यासाठी आजवर कोनं सुई हातात घेतली होती, सांगा बरं? माह्या मायनं नाई घेतली. तुम्ही फुलं काढली माही. चूक कशाची आली याच्यात?"

कैलासला मात्र पुरावा हवा होता. त्यानं आत जाऊन खिळ्यावरचा बटवा काढून आणला. "आता लावून पाहू. धडधड झाली त समजन."

जयाबाईंनी त्याचं मनगट धरलं. एवढ्या मोठ्या आवाजात बोलताना त्यांना कोणी कधी ऐकलं नव्हतं. "नाही! इथं नाही. दवाखान्यात, डॉक्टरसमोर."

मंगळवारी तपासणीचा वार होता. तिथं यंत्रं बघणारा तंत्रज्ञ प्रफुल, तिशीतला, शांत. कार्ड नेहमीप्रमाणे खिडकीवर द्यायचं म्हणून सपनानं बटवा काढून हातात धरला, आणि जयाबाईंना कळलं की इथं कधीच काही का सापडलं नाही. या दाराशी येताच दर वेळी बटवा छातीवरून उतरत होता.

प्रफुलनं कॅलेंडरची पाठ वाचली. दोन्ही रकाने, पुन्हा एकदा. मग बटवा घेऊन बटण उघडलं, मिटलं, आणि हळूच म्हणाला, "अरे देवा." त्यानं डॉक्टरांना बोलावलं.

पंचफुलेच्या छातीवर, हातापायांवर वायरी लावल्या. पडद्यावर हिरवी रेघ आपल्या गतीनं जात होती, थोडी कमी, थोडी जास्त. डॉक्टर शेजारी उभे होते. प्रफुलनं बटवा यंत्रावर आणला. रेघ एका क्षणात बदलली, जलद झाली आणि अगदी सारख्या अंतराची, जणू पट्टीनं आखलेली.

"हेच! हेच थे!" पंचफुला पडल्या पडल्या ओरडली. "धडधड!"

त्यानं बटवा दूर केला. रेघ परत आपल्या चालीवर आली.

"यंत्र बिघडलेलं नाही," प्रफुल म्हणाला. "ते असंच बनवलेलं असतं. चुंबक जवळ आलं की ते हृदयाचं ऐकणं थांबवतं आणि ठरलेल्या वेगानं आपलंआपलं ठोके देत राहतं. आम्ही तपासताना हेच करतो." त्यानं खणातून जिलबीएवढं गोल चुंबक काढून दाखवलं. "पण तुमचं हृदयही अधूनमधून स्वतःचे ठोके देतंच. दोघांचे ठोके एकमेकांत गेले की असं होतं."

पंचफुलेनं विचार केला. "म्हंजे सासू-सून दोघींनं एकाच वक्ती भाजीत मीठ टाकलं."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले, आणि सपना तोंडावर पदर धरून वळली.

"अन् टावर?" कैलासनं विचारलं.

"रस्त्यावरून, चौकातून टॉवरचं काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. "आईला खुशाल बसू दे. झटका मशीनही चालू कर, फक्त तारेला त्यांचा हात लागू देऊ नकोस. आणि हे कार्ड कमरेला ठेवा, आजी. पडलात तर शोधणारा तिथंही शोधेल."

"माह्या मुळ्याचे दोन वाफे डुकरानं फुकट खाल्ले मंग," पंचफुला मुलाकडे बघून म्हणाली. "टावरले शिव्या देऊन राह्यला होता महिनाभर."

"तुह्यासाठीच दिल्या ना, माय," कैलास म्हणाला. आणि तो वायरी काढणाऱ्या प्रफुलला उगीच मदत करायला गेला.

घरी निघताना जयाबाई बटवा टाकून देऊ म्हणाल्या, नवा शिवते. पंचफुलेनं तो त्यांच्या हातात दिला, पण सोडला नाही.

"फुलाइले हात नोका लावू. बटन काढा अन् बटनाची जागा मोठी करा. माही बोटं जातील एवढी."

बुधवारी जयाबाईंनी बटण उसवलं, मोठं काज केलं, लाकडाचं जाड बटण लावलं आणि मागे कमरेला बांधायची नाडी शिवली. गुरुवारी सकाळी कडुनिंबाखाली गोणपाट अंथरलेलं होतं. भेदरंवाली आली, पालकवाली आली, चौघीजणी उभ्या होत्या.

"दोडकेवाल्या बाई," पंचफुला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कार्ड आणलं मी. पाहून घ्या, नाईतर रागवान." आणि पदर सारून कमरेचा बटवा दाखवला.

जयाबाईंनी फुलकोबीला हात लावला.

"ठेवा थे," ती म्हणाली. "मेथी न्या."

त्या संध्याकाळी जयाबाईंनी वही उघडली.

"गुरुवार, २५ जानेवारी २०२४. थंडी कमी. नळाला पाणी साडेसहा ते सात. पंचफुला साडेसात ते एक चौकात बसली, त्रास नाही. जुनं बटण फ्रिजच्या दाराला लावलं, त्याखाली पंचफुलेच्या सूचनांचा तो कागद. मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. एक निवडून झाली, दुसरी उद्या."